पुलाचा चांगला फोटो

मला पुलांचे फोटो काढायचा नाद आहे, आणि ह्या नादापायी मी आमच्या जिल्ह्यात जेवढं ऐकून घेतलंय तेवढं दारूच्या नादापायीसुद्धा कुणाला ऐकावं लागत नसेल. "मॅडम, इथं काय पाह्यला हाये?" हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक पुलावर कुणी ना कुणी विचारलेला आहे. विचारणारा त्याच पुलाच्या कठड्यावर बसून तंबाखू मळत असतो. पुलावर त्याचंच सोयाबीन वाळत असतं, खालच्या डोहात त्याच्याच म्हशी डुंबत असतात, आणि तरीही त्याच्या मते तिथं पाहण्यासारखं काहीएक नसतं. आमच्या घरीही तीच गत. आलेल्यागेलेल्याला नवरा हौसेनं सांगतो, "लोकांच्या बायका देवळात जातात, आमची पुलावर जाती."

जाते. कारण माझी नोकरीच तशी आहे. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. स्कूटी काढायची, गावोगावच्या अंगणवाड्यांत जायचं, मुलांची वजनं नीट घेतली का, खिचडीत डाळ दिसते का, रजिस्टर भरलंय का ते बघायचं. वाटेत ओढे येतात, नद्या येतात, म्हणजे पूल येतातच. पंधरा-सोळा वर्षं त्याच वाटांवरून फिरल्यावर मला त्या पुलांची ओळख झाली आणि मग माया लागली. शहागडला गोदावरीच्या पुलावर बस आली की खिडकीतून नाणी पाण्यात टाकणारी माणसं मी टिपली आहेत. अंकुशनगरच्या बाजूला एका बुटक्या मोरीवरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत निघालेला ट्रॅक्टर माझ्याकडे आहे, आणि मोरीच्या खाली, पाणी नसलेल्या पाटात, सावली बघून झोपलेली दोन माणसं आणि एक कुत्रं. जांब समर्थच्या रस्त्यावर एका पुलाशी नवी नवरी गाडीतून उतरून नदीची ओटी भरत होती. तिचा फोटो मी विचारून काढला आणि तिच्या सासूला पाठवूनही दिला.

पण पुलाचा फोटो धड मिळू देतील तर शपथ. कठड्याला तारेनं बांधलेले वाढदिवसाचे फ्लेक्स, कमानीवर पंपाची आणि शिकवणीची जाहिरात, शंभर वर्षांच्या काळ्या दगडाला कुणाला तरी बरं वाटावं म्हणून फासलेला गुलाबी ऑइलपेंट. निजामाच्या काळात ज्या गवंड्यांनी हे दगड घडवून बसवले त्यांनी कुठं आपलं नाव कोरलं नाही, आणि आपण मात्र नारळ फोडायला आलेल्या माणसाचं नाव त्याच्या तीन पदव्यांसकट संगमरवरात लावतो. म्हणून फोटो काढताना मला पूल स्वच्छ लागतो. फ्लेक्स वाकडा करते, प्लास्टिकच्या पिशव्या उचलते, सोयाबीनवाल्याला हातापाया पडून पोती सरकवायला लावते. पूल जसा असायला हवा होता तसा तो एकदा तरी दिसावा, एवढीच माझी इच्छा असते.

राजूरच्या पुढं, मुख्य रस्ता सोडून आत गेलं की एक गाव आहे. नाव घेत नाही, कारण त्या गावानं काही वाईट केलेलं नाही आणि उगाच त्याला त्रास नको. फाट्यापासून गावापर्यंत पाच-सहा किलोमीटर कापसातून आणि मक्यातून जाणारी वाट आहे, आणि मध्ये ओढ्यावर पाच कमानींचा दगडी पूल आहे. ओढा जिथं वळतो तिथंच पूल बांधलाय, त्यामुळे पूलही किंचित वळतो. एका ठरावीक जागी फोन जवळजवळ रस्त्याला टेकवून धरला की वरची वाट, दोन्ही बाजूंचे कठडे आणि खालच्या तीन कमानी एकाच चौकटीत येतात. ही जागा मी तीन हिवाळे शोधत होते. चौथ्या हिवाळ्यात, सकाळी साडेआठच्या सुमाराला, ती मला सापडली आणि मी तो फोटो काढला. मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो आहे तो. अजूनही आहे, काय करू.

तो मी कर्मचाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठं कुठं गेला देव जाणे. संक्रांतीच्या आसपास तो मलाच परत आला, खाली दोन गुलाब आणि वर पिवळ्या अक्षरांत "शुभ सकाळ" लिहून. माझ्या चुलत नणंदेनं पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, युरोपमध्ये किती छान पूल असतात. मी चिडले, हसले आणि विसरून गेले.

त्या गावाच्या अंगणवाडीत एक मदतनीस बाई आहेत. खिचडी शिजवणं, पोरांना घरून गोळा करून आणणं, त्यांची नाकं पुसणं, सगळं त्यांच्याकडे. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असतील, पण कामाला वाघीण. मी त्यांना ताई म्हणते, त्या मला मॅडम म्हणतात. त्यांना एकच मुलगी. गावात शाळा आठवीपर्यंत, म्हणून ती नववीपासून बसनं राजूरला जायची. मग दहावीच्या वर्षी पावसाळ्यात त्या पुलाच्या मधल्या कमानीवर वरचा भराव खचला आणि भगदाड पडलं. बैलाचा पाय गेला तर पोटापर्यंत जाईल एवढं. मोटारसायकल कडेकडेनं जायची, बस कशी जाणार? ड्रायव्हरनं एकदा खाली उतरून भगदाड पाहिलं, गाडी मागं घेतली आणि तेव्हापासून बस फाट्यावरूनच परत फिरायला लागली. मुलीनं दहावीचं वर्ष काकाच्या मोटारसायकलवर काढलं. काका पुढं कामाला बाहेरगावी गेला. अकरावीसाठी रोज पाच-सहा किलोमीटर एकटीनं कापसातून चालत जायचं, हे ना आईला पटत होतं ना बापाला. तेव्हा सगळा मामला एका वाक्यात बसत होता: पूल नीट झाला तर बस येईल, आणि बस आली तर मुलगी शिकेल.

गावानं अर्ज केला होता. ताईंनी त्यावर सही केली होती, आणि मुलीनं तो अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला होता. मे महिन्यात मी गेले तेव्हा ताईंनी मला ग्रामपंचायतीत नेलं आणि उत्तर दाखवलं. "वाचा मॅडम. आमाला तर वाटून राह्यलं आमीच येडे हावोत."

पत्रात लिहिलं होतं की सदर पूल सुस्थितीत असून वाहतुकीस योग्य आहे, दुरुस्तीची आवश्यकता आढळून येत नाही, छायाचित्र सोबत जोडले आहे.

मी पान उलटलं. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणाला मला आनंद झाला. इतका छान छापलेला होता माझा फोटो! तीच सकाळ, तोच वळणारा कठडा. मग खाली कोपऱ्यात नजर गेली. "शुभ सकाळ" कापून टाकलं होतं, पण कापताना गुलाबाची दीड पाकळी राहून गेली होती. सरकारी पत्राला जोडलेल्या पुलाच्या पायथ्याशी गुलाबाची दीड पाकळी, आणि त्यावर गोल शिक्का!

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की ग्रामसेवकानं पुढं केलेलं पाणीही मी घेतलं नाही. एक माणूस, ज्याला ह्याच कामाचा पगार मिळतो, तो पुलापर्यंत जात नाही. खुर्चीतून उठत नाही. मोबाइलवर आलेलं शुभ सकाळ कापतो, चिकटवतो आणि एका अख्ख्या गावाला कळवतो की तुमच्या पायाखालचं भगदाड तुम्हाला दिसतंय ते नाहीच. आणि हे माझ्या फोटोवर. मी ताईंना म्हणाले, "हा फोटो माझा आहे. मी बघते आता त्यांच्याकडे."

ताईंचा चेहरा एकदम खुलला. "मंग तर झालंच की मॅडम. तुमीच सांगितल्यावर ते न्हाई कसं म्हन्तील?"

मीही तसंच समजून चालले होते. दुसऱ्या दिवशी, ज्या बांधकाम कार्यालयातून ते पत्र आलं होतं तिथं गेले. साहेब तरुण होते, नम्र होते आणि त्यांनी चहा मागवला. नम्र माणसाशी भांडणं फार अवघड असतं, त्यामुळे माझा राग आणखी वाढला.

"फोटो तुमचा?" ते म्हणाले. "कमाल केलीत हो मॅडम! मी स्वतः महिनाभर मोबाइलला लावून ठेवला होता."

"तुम्ही पूल बघायला गेला होतात का?"

"फोटो इतका क्लिअर असल्यावर जायची काय गरज?"

"तिथं भगदाड आहे. बस बंद आहे वर्षभर."

त्यांनी फाइल उघडून माझ्यासमोर सरकवली आणि पेनाचं टोक फोटोवर ठेवलं. "दाखवा ना मॅडम. कुठाय? तुम्हीच काढलाय, तुम्हीच दाखवा."

मी बघितलं. मधल्या कमानीच्या वर जिथं भगदाड होतं तिथं ऊन होतं, दगड होते, आणि रस्ता कसा अखंड वळत गेलेला. आणि तिथं त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला ती सकाळ जशीच्या तशी आठवली.

आमच्याकडे रस्त्याला खड्डा पडला की लोक बाभळीची फांदी तोडून त्यात उभी करतात, तिला लाल चिंधी बांधतात, भोवती चार दगड मांडतात. रात्री येणाऱ्याला निदान काटे दिसावेत म्हणून. त्या पुलावरही तसंच केलं होतं. हातभर उंचीच्या काट्यांचा तो ढीग माझ्या चौकटीच्या बरोबर मध्ये येत होता, आणि वर कुणाच्या तरी जुन्या लाल परकराची चिंधी फडफडत होती. मी स्कूटी लावली, काटे हातानं धरून माझ्या पाठीमागं नेऊन ठेवले, दगड बाजूला केले. हाताला ओरखडे आले होते, तेही आठवलं. फोन रस्त्याला टेकवला की तेवढ्या खालून भगदाड दिसतच नाही, नुसती एक सावली दिसते, आणि त्या सावलीनं तर फोटोला जास्तच मजा येते. फोटो झाल्यावर काटे परत जागेवर ठेवले, चिंधीसुद्धा नीट केली. त्याचा मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता! जणू मोठं पुण्यच केलं.

मी साहेबांना सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. ते मनापासून हसले.

"म्हणजे पूल साफ करून तुम्हीच दाखवला. मग आमचं काय चुकलं, सांगा बरं?"

त्यांचं काय चुकलं ते मी सांगितलं. आवाज चढवून सांगितलं, शेजारच्या टेबलांवरची माणसं माना वळवून बघायला लागली. मी म्हणाले, मी हौशी बाई आहे, मी पुलाला नटवीन नाहीतर उताणं पाडीन, तो माझा प्रश्न. तुम्हाला तिथं जाऊन भगदाडात काठी घालून बघायला नेमलंय. त्यावर ते तितक्याच नम्रपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही पण शासकीय कर्मचारी आहात. जरा सांभाळून."

मी त्याच आठवड्यात पुन्हा पुलावर गेले आणि आयुष्यातले सगळ्यात वाईट फोटो काढले. भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना, भगदाडाच्या काठावर उभं राहून, सरळ खाली. काटे, चिंधी, दगड, आत पडलेली बिसलेरीची बाटली, सगळं. टेलरच्या दुकानातून मापाची टेप आणली होती, ती भगदाडावर ताणून धरायला ताई आणि त्यांची मुलगी दोघी आल्या होत्या. मुलीनं अकरावीचा फॉर्म भरून ठेवला होता, मार्कलिस्ट पिशवीतून काढून दाखवली, आणि टेप धरता धरता मला समजावून सांगितलं की फोटोवर तारीख आणि ठिकाण छापून यायला काय करायचं, म्हणजे त्यांना परत तोंड उघडता येणार नाही. तसे छापून मी ते फोटो लेखी निवेदनासकट नेऊन दिले. काटे मी काढले होते, असं त्यात स्वच्छ लिहिलं.

साहेबांनी एकेक फोटो हातात घेऊन पाहिला. "हे बघा, असा अँगल घेतला ना, तर कुठलाही पूल पडकाच दिसेल."

"तो पडकाच आहे."

"असं कसं? आमचं पत्र गेलंय ना सुस्थितीत आहे म्हणून." मग एखाद्या लहान मुलाला समजावून सांगावं तसं त्यांनी मला सांगितलं. आगाराला बस सुरू करायला दुरुस्ती झाल्याचं पत्र हवं. ते बराबर आहे. पण दुरुस्ती झालीच नाही तर ते पत्र द्यायचं कसं? आणि कागदोपत्री चांगल्या असलेल्या पुलाची दुरुस्ती काढायची कशी? एकदा दिलेलं पत्र चुकीचं होतं असं लिहायला त्यांच्या वरच्यांची परवानगी लागेल, आणि वरचे विचारतील, आधी पाहणी केली नव्हती का? "तुम्हीच सांगा, मी काय लिहू?"

"खरं लिहा," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे अशा कीवेनं पाहिलं की मी पर्स उचलून बाहेर आले. जिन्यावर मला रडू आलं, रागानं. मग आगारात गेले. तिथल्या माणसानं निदान खरं ते तोंडावर सांगितलं: "मॅडम, तो ड्रायव्हर काय म्हन्ला माहितीये? गाडी पुलावरून न्यायची हाये, फोटोवरून न्हाई."

जून गेला. मी वर लिहिलं, आणखी वर लिहिलं. पोच मिळाली, बाकी काही मिळालं नाही. जुलैच्या मध्यावर मी त्या गावात गेले. ओढ्याला पाणी होतं, मी स्कूटी पुलाच्या कडेनं हळूहळू काढली. अंगणवाडीचं काम झाल्यावर ताई म्हणाल्या, "मॅडम, पाच मिंटं घरी या. काम हाये जरासं."

घरात गेले तर मुलगी निळ्या भिंतीला टेकून उभी होती. अंगावर आईची चांगली साडी, केसात गजरा, पावडर. मला बघून तिनं मान खाली घातली.

"फोटो काढायचाय हिचा," ताई म्हणाल्या. "बायोडाटाला लावायचा. गावातल्या पोराकून काढला तर भूतावानी आली. तुमचा हात चांगला हाये."

ती सोळा वर्षांची आहे, हे मला माहीत होतं. तिची मार्कलिस्ट मी हातात घेऊन पाहिली होती. गावोगावच्या बायकांना गोळा करून अठराच्या आत लग्न नको म्हणून भाषण देते ती मी, आणि त्या भाषणाच्या दिवशी सतरंजी अंथरते ती हीच बाई.

"ताई, तुम्हाला कळतंय का काय बोलताय?"

"लगीन काय उद्याच न्हाई करून राह्यलो मॅडम. निस्ता फोटो काढून ठेवायचा. पाहुणे इचारून राह्यले." मग त्या जवळ आल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "हिच्या गालावर भाजल्याचा डाग हाये ना, तेवढा दिसू नये बस. तुमी त्या पुलाचं भगदाड नव्हतं का दिसू दिलं, तसंच."

त्यात टोमणा नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. मी ताईंच्याच ओट्यावर बसून काट्यांची गोष्ट त्यांना सांगितली होती, आणि त्यांनी ती माझ्या हातातलं कसब म्हणून लक्षात ठेवली होती.

मी भडकले. जेवढं साहेबांवर भडकायचं राहिलं होतं तेवढं त्या बाईवर भडकले. म्हणाले, हा गुन्हा आहे, मला ठाऊक असून मी गप्प बसले तर माझी नोकरी जाईल, असला फोटो मी काढणार नाही आणि दुसऱ्या कुणी काढला तर मीच तक्रार करीन. नाव घालून करीन.

ताई ऐकत उभ्या राहिल्या. मग पदरानं हात पुसत म्हणाल्या, "करा मॅडम. तुमची ती तक्रार तर दोन दिवसांत वर जाईन. गाडी घेऊन येतीन सायब, पुलावरूनच येतीन. आमी वर्ष झालं बस मागून राह्यलो, ती न्हाई जात वर." मग त्यांनी विचारलं, "त्या तक्रारीला फोटो लागतो का?"

मी फोन पर्समध्ये टाकला. मुलगी अजून भिंतीपाशी तशीच उभी होती, गालाची डाग असलेली बाजू आपणहून सावलीत वळवून. दारातून आलेला पावसाळी उजेड तिच्यावर फार सुंदर पडला होता. तो मला दिसला, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला.